झॅपाची जवारी

मिरजेच्या आमच्या घरापासून सतारमेकरांची गल्ली पाच मिनिटांवर होती. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो. आत पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले असायचे, वाळून खडखडीत झालेले. लाकडाच्या भुश्याचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. पण मी जायचो ते तिथल्या कारागीर चाचांचं जवारीचं, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्याचं, काम बघायला. चाचा तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं एखाद-दोन हात घासायचे, तार परत चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे आणि पुन्हा तार उतरवायचे. "थांब, अजून बंद आहे," एवढंच म्हणायचे. काय बंद आहे ते मला कळायचं नाही. तार तर वाजत होती, सूरही तोच होता. मग दहाव्या की पंधराव्या खेपेला तीच तार छेडली की तिच्यातून आणखी चार तारा बोलल्यासारख्या व्हायच्या. खर्जाच्या षड्जातून गंधार डोकावायचा. चाचा काही न बोलता माझ्याकडे बघायचे, मी मान डोलवायचो, आणि ते पुढच्या तारेकडे वळायचे.

पुढे १९८९ साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या भावानं परदेशातून आणलेली एक कॅसेट हाती आली. तिच्यावर बॉलपेननं फक्त 'झॅपा' असं लिहिलेलं. पहिलंच गाणं 'इंका रोड्स'. अँडीजच्या डोंगरात उतरलेल्या उडत्या तबकडीबद्दल कुणीतरी गातंय, मध्येच ठेका मोडतोय, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे सूर गारांसारखे पडताहेत. मला त्यातलं काही कळेना. आणि मग सगळं शांत होऊन खाली दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे दोन गुच्छ, झुलू लागले आणि वर एक इलेक्ट्रिक गिटार सुरू झाली.

पहिल्या काही सुरांतच मला ती पायरी आठवली. आवाज उघडा होता. दुसऱ्या कुठल्याही रॉक गिटारचा असतो तसा तो नुसता कर्कश किंवा गोड नव्हता. प्रत्येक सुराला आतून एक अनुनासिक धार होती, जवारी लागलेल्या तारेला असते तशी. शिवाय मध्यम तीव्र होता. पाश्चात्त्य मंडळी त्या स्वरावलीला लिडियन म्हणतात, आपण कल्याण थाट म्हणतो. मी काही यमन ऐकत नव्हतो, तो भ्रम मला तेव्हाही नव्हता. त्या वादनात यमनाचं चलन नाही, पकड नाही, गंधार-निषादाचा तो संवाद नाही. पण खाली एकच आधार तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला आणि वर एक माणूस तीव्र मध्यमाभोवती घुटमळत वाट शोधतोय, हे ऐकायची सवय माझ्या कानाला लहानपणापासून होती. त्या रात्री मी ती जागा किती वेळा मागे घेऊन ऐकली याचा हिशेब नाही. टेप तिथे झिजून पुढे आवाज मंदावला होता.

आवाजाच्या त्या उघडेपणाचं एक कारण पुढे कळलं. वा-वा पेडल हे गिटारवाले पायानं सतत वरखाली करतात, म्हणजे माणसानं तोंड उघडमीट करावं तसा आवाज येतो. फ्रँक झॅपा, म्हणजे त्या कॅसेटवरचा अमेरिकन गिटारवादक-संगीतकार, ते पुष्कळदा एका जागी अर्धवट दाबून तसंच ठेवून द्यायचा. त्या स्थितीत पेडल सुरातल्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांचा, एक अरुंद पट्टा तेवढा उचलून धरतं. घोडीच्या घासलेल्या माथ्यावर तार हलकेच टेकत सुटत राहते तेव्हा तिची ताकद वरच्या उपस्वरांत जाते; चाचा हातानं करायचे ते हे. दोन्हींचं तंत्र वेगळं आहे, पण दोन्हींकडे सूर तोच ठेवून त्याच्या आतलं दार किती उघडायचं एवढाच प्रश्न असतो. झॅपा ते दार कुठे ठेवायचं हे कानानं ठरवायचा. त्याची ती नेमकी जागा मला अजून दुसऱ्या कुणाच्या गिटारीत सापडलेली नाही.

या माणसाची ओळख थोडक्यात सांगतो. जन्म बाल्टिमोरचा, २१ डिसेंबर १९४०. वडील सिसिलीहून आलेले, रासायनिक अस्त्रांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला, त्यामुळे घरात खेळायला गॅस मास्क. नंतर कुटुंब कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटाच्या कडेला लँकेस्टर नावाच्या गावात. तिथे हा मुलगा आधी ड्रम शिकला. गिटार अठराव्या वर्षाच्या आसपास आली. मधल्या काळात एका मासिकात एडगर व्हरेझ या संगीतकाराबद्दल वाचून त्यानं त्याची तबकडी मिळवली, आणि पंधराव्या वाढदिवसाला आईनं दिलेल्या पैशातून व्हरेझच्या घरी न्यूयॉर्कला ट्रंक कॉल लावला. दुसऱ्या बाजूनं जॉनी 'गिटार' वॉटसन, गिटार स्लिम असे ब्लूजवाले त्याच्या कानात बसलेले. ड्रम आधी आणि गिटार नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो सूर वाजवतो तेव्हाही आधी ठोका ऐकतो आणि त्या ठोक्याला कुठला स्वर चिकटवायचा ते मग बघतो, असं मला सतत वाटत राहतं. कधी कधी तर प्लेक्ट्रमच्या, म्हणजे गिटारच्या नखीच्या, टोकानं तो गिटारच्या पट्टीवरच तारांवर टकटक करतो आणि त्यातून बल्गेरियातल्या बॅगपाइपसारखा गुंफलेला आवाज काढतो.

झॅपाची कित्येक गाणी मला ऐकवत नाहीत. त्याचे शब्द पुष्कळदा असभ्य असतात, बायकांबद्दल तर इतके की ते माझ्या घरात मी लावत नाही. उपहास हे त्याचं हत्यार होतं आणि ते तो कुणावरही चालवायचा. पण गिटार हातात घेतली की तो उपहास संपतो. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत हा माणूस पूर्ण गंभीर असतो. आणि १९८१ साली त्यानं स्वतःच एक विलक्षण गोष्ट केली: आपल्या मैफलींतून गाणी कापून बाजूला काढली, मधली सोलो वादनंच ठेवली, आणि त्यांच्या तीन तबकड्या केल्या. नाव ठेवलं 'शट अप अँड प्ले युअर गिटार', म्हणजे 'बडबड पुरे, गिटार वाजव'. सुरुवातीला त्या टपालानंच मागवाव्या लागत. माझ्यासारख्यांच्या मनातलंच त्यानं ओळखलं होतं जणू.

या तीन तबकड्यांचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं दान म्हणजे त्यांची तीन शीर्षकवादनं. ही तिन्ही मुळात एकाच गाण्याच्या पोटातली आहेत, त्याच 'इंका रोड्स'च्या. फेब्रुवारी १९७९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला झॅपाचा मुक्काम होता, आणि लागोपाठच्या मैफलींत त्याच दोन कॉर्डवर, त्याच तीव्र मध्यमावर तो वाजवायला उभा राहिला. एका दिवशीच्या वादनाचा दुसऱ्या दिवशीशी काही संबंध नाही. एकदा तो सुरुवातीलाच तारसप्तकात जाऊन तिथेच भांडत बसतो. एकदा कितीतरी वेळ खालच्या तारांवर पुटपुटतो. एकदा मध्येच अशी लांब चाल घेतो की पाठीमागचे वादक क्षणभर श्वास धरून थांबल्यासारखे वाटतात. आपल्याकडे तोच गवई तोच राग तीन दिवस गायला तर असं होतं, आणि आपल्याला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पण रॉकच्या मैफलीत, जिथे लोक तबकडीवरचं जसंच्या तसं ऐकायला तिकीट काढून येतात, तिथे रोज नव्यानं कोऱ्या पाटीसमोर उभं राहायला वेगळी छाती लागते.

आणि हे करणारा माणूस कोण, तर ज्याला एकेक सूर आपल्या ताब्यात हवा असायचा तो. त्याच्या वादकांच्या तालमी कडक असत. डझनावारी गाणी पाठ हवीत आणि रंगमंचावर त्याच्या हाताच्या खुणांवर नजर हवी. डोक्याच्या उजव्या बाजूला बोटांनी अदृश्य बट पिळल्यासारखं केलं की वाजत असलेलं गाणं तिथल्या तिथे जमैकाच्या रेगे ठेक्यात शिरायचं. दोन्ही बाजूंना केलं की स्का, तिथलाच आणखी एक ठेका. त्यानं लिहिलेल्या रचना इतक्या काटेकोर की चांगले चांगले वादक त्यांच्यापुढे घाम गाळत. अशा माणसानं प्रत्येक संध्याकाळी कार्यक्रमात काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि त्या जागांत पुढे काय होणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं. गेली तीसहून अधिक वर्षं मी झॅपा ऐकतोय तो या जागांसाठी. सगळं ठरवणारा माणूस जिथे काहीच ठरवून आलेला नाही, तिथे त्याचं मन कसं चालतं ते तिथे उघडं पडतं.

त्या जागेत तो एकटा नसतो. १९७९ च्या त्या दौऱ्यात ड्रमवर विनी कोलायुटा होता, तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा. 'फाइव्ह-फाइव्ह-फाइव्ह' नावाचं एक वादन आहे, त्याचं नावच त्याचा ताल आहे: पाच, पाच, आणि मग दुप्पट सावकाशीनं पाच. म्हणजे शेवटचे पाच पहिल्या दोन पाचांइतकी जागा खातात. हातावर मोजून पाहा, दोन-तीन आवर्तनं गेली की गंमत कळते. एवढ्या अवघड पायावर झॅपा मात्र मात्रा मोजताना दिसत नाही. तो बोलतो. त्याचं वादन बोलण्याच्या लयीत चालतं, आणि हे त्यानं स्वतःही सांगून ठेवलं आहे. बोलणारा माणूस वाक्य कुठे तोडायचं ते श्वासावर ठरवतो. एखाद्या शब्दावर रेंगाळतो, पुढचे सहा शब्द एका दमात उरकतो, तेच परत वेगळ्या जोरानं म्हणतो. झॅपाची गिटार तशीच ठोक्यांच्या मधल्या फटींतून जाते. आणि कोलायुटा त्याच्या मागे धावत नाही. तो वाक्य कुठे संपणार हे आधीच ओळखून तिथे जाऊन उभा असतो. आपल्याकडे तबलजीनं गवयाची तिहाई अर्ध्यावर ओळखून समेवर भेटावं आणि श्रोत्यांतून 'क्या बात है' निघावी, तो आनंद मला या दोघांत मिळतो. एकट्यानं खोलीत हेडफोन लावून ऐकतानाही माझा हात आपोआप वर जातो.

म्हणूनच झॅपाची पुढची एक गोष्ट मला बरीच वर्षं पचत नव्हती. ज्या 'इंका रोड्स'नं मला पकडलं, त्यातली गिटार त्या गाण्याची नव्हतीच. गाण्याचा पाया ऑगस्ट १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टीव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता आणि ती गिटार सप्टेंबरमध्ये हेलसिंकीच्या मैफलीत वाजली होती. झॅपानं फीत कापून एकात एक बसवली. तिथे निदान गाणं तेच होतं, वादकही तेच होते. १९७९ च्या 'जोज गराज' या गाण्यांतून एक कथा सांगणाऱ्या तबकडीसंचात तो त्याच्याही पुढे गेला. आपल्या युरोपच्या मैफलींतली गिटारवादनं त्यानं सुटी केली आणि स्टुडिओत वाजलेल्या, वेगळ्या गाण्यांच्या, वेगळ्या तालांवर नेऊन ठेवली. या प्रकाराला त्यानं ग्रीक शब्द जोडून झेनोक्रोनी असं नाव दिलं. परका काळ, असा काहीसा अर्थ. म्हणजे गिटार एका रात्री एका ड्रमशी बोलत होती आणि आपण ऐकतो तेव्हा तिच्याखाली दुसराच ड्रम आहे, ज्यानं तिला कधी पाहिलेलंही नाही.

मला हे समजलं तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं. भीमसेनजींची एका मैफलीतली तान उचलून दुसऱ्या मैफलीतल्या ठेक्यावर ठेवली तर आपल्याला कसं वाटेल? त्या तानेचा जीव त्या ठेक्याशी झालेल्या भेटीत होता. पण मग मी 'जोज गराज' पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि आता माझं मत पूर्वीइतकं ठाम नाही. तिथे कधी कधी गिटार आणि ताल एकमेकांना चुकवत चुकवत अशा एका जागी येऊन भिडतात, की कुणीही जाणून वाजवलं असतं तर ती जागा आली नसती. प्रत्यक्ष वाजवताना कोलायुटा झॅपाला सावरून घ्यायचा. इथे सावरणारं कुणी नाही. झॅपाचं वाक्य आपल्या स्वतःच्या बळावर उभं आहे की पडतंय हे स्वच्छ ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा उभं राहतं. आपल्याच उत्स्फूर्त बोलण्याची इतकी कठोर परीक्षा घेणारा दुसरा वादक मला माहीत नाही. तरीही खरं सांगतो, हॅमरस्मिथचा तो मुक्काम मला अधिक प्रिय आहे.

'जोज गराज'च्या शेवटाकडे मात्र एक वादन आहे जे असं बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते स्टुडिओत त्या सुरावटीवरच वाजवलेलं आहे. 'वॉटरमेलन इन ईस्टर हे'. त्या कथेतल्या देशात संगीतावर बंदी आलेली आहे, कथानायक जो याच्याजवळ काही उरलेलं नाही, आणि तो डोळे मिटून आपलं शेवटचं गिटारवादन मनातल्या मनात ऐकतो. नऊ मात्रांचं आवर्तन, खाली संथ झुलणारे दोन कॉर्ड. इथे झॅपा घाई करत नाही, भांडत नाही. एकेक सूर ठेवतो आणि तो विझत जाईपर्यंत सोबत राहतो. माझे वडील गेले त्या वर्षी हे एकच वादन मी ऐकू शकत होतो.

करोनाच्या पहिल्या पावसाळ्यात घरात अडकलो होतो तेव्हा मी हे वादन भातखंडे पद्धतीनं लिहून काढायचं ठरवलं. मुलगी तबला शिकते, ती नऊ मात्रा हातावर धरायची आणि मी एक-एक आवर्तन थांबवून लिहायचो. पहिली सुरावट सहज उतरली. पुढे जसजसा तो तिच्यापासून लांब जाऊ लागला तशी माझी वही अडखळू लागली.

"बाबा, हा समेवर येतच नाहीये."

"येतो गं. थांब जरा."

"आला नाही. गेला पण पुढे."

ती बरोबर होती. तो समेच्या थोडा अलीकडे टेकला होता, आणि ते अलीकडे किती, पाव मात्रा की त्याहून कमी, ते लिहायला माझ्याकडे खूण नव्हती. मींड दाखवायची कमान मी काढली, कण स्वर डोक्यावर लिहिले, पण तारेवर बोट दाबून तो सूर वर ढकलताना मध्ये कुठे रेंगाळतो ते कागदावर येईना. आठ दिवसांत बारा ओळी झाल्या.

तेव्हा मला स्टीव्ह वायबद्दल खरा आदर वाटला. आज तो स्वतः मोठा गिटारवादक म्हणून जगाला माहीत आहे. पण झॅपाकडे तो पोरवयात आला तो लेखनिक म्हणून. फितीवरची ही उत्स्फूर्त वादनं ऐकायची आणि पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायची हे त्याचं काम. त्यातून १९८२ मध्ये एक जाडजूड पुस्तक निघालं. त्याची पानं पाहिली की डोळे फिरतात. चार मात्रांच्या जागेत सात, त्या सातांतल्या तिघांच्या जागी पाच, असे हिशेब एकात एक घातलेले. वायनं जे माणूस नुसता बोलून गेला त्याचा एकेक उच्चार मोजला. आणि गंमत अशी की ते पान हातात घेऊन कुणी जसंच्या तसं वाजवलं तर त्याला ते जगातलं सगळ्यात अवघड संगीत वाटेल. झॅपाला ते वाजवताना अवघड वाटलं नसणार, कारण त्यानं ते मोजलंच नव्हतं.

आपल्या बाजूनं या माणसाकडे एक प्रत्यक्ष वाटही गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा बँड उभा करणारे कर्नाटक संगीताचे व्हायोलिनवादक एल. शंकर १९७८ च्या हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये झॅपाच्या मंचावर होते. त्या रात्री १३ मात्रांच्या हिशेबातलं एक वादन झालं, आणि ते सुरू करण्याआधी झॅपा समोरच्या गर्दीला त्या १३ च्या टाळ्या शिकवतो. तो भाग मी अनेकदा ऐकला आहे. पुढे १९७९ मध्ये शंकर यांची एक तबकडीही झॅपानं निर्माता म्हणून केली. त्या दोघांचं वादन ऐकताना कोण कुणाच्या घरी पाहुणा आहे ते कळत नाही. एकच आधारस्वर, वर लांबलचक विचार. शंकर यांच्या हातात ते वारशानं आलेलं, झॅपाच्या हातात ते व्हरेझ, ब्लूज आणि ड्रमच्या काड्यांतून वळसा घालून आलेलं.

१९८८ चा दौरा अर्ध्यावर मोडला. वादकांत बेबनाव झाला आणि झॅपा घरी परतला. तसाही दौरा नसला की तो गिटारीचा रियाज करणाऱ्यांतला नव्हता. आता तो रात्रंदिवस सिंक्लाव्हियर या संगणकी वाद्यावर रचना करत बसू लागला, जिथे प्रत्येक सूर अखेर त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाजत होता. १९९० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालं. ४ डिसेंबर १९९३ ला तो गेला, वय ५२.

या मधल्या काळातली एक मैफल मी आता सगळ्यात जास्त ऐकतो. जून १९९१, प्राग. सोव्हिएत सैन्य चेकोस्लोव्हाकियातून नुकतंच बाहेर पडत होतं, आणि त्या आनंदात तिथे मैफल ठरली होती. मायकेल कोत्साब हा तिथल्या एका रॉक बँडचा म्होरक्या. सैन्य परत पाठवण्यावर देखरेख करणाऱ्या संसदीय समितीचा प्रमुखही तोच. बंदीच्या काळात या देशातल्या तरुणांनी झॅपाच्या तबकड्या लपूनछपून ऐकल्या होत्या, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल स्वतः त्याचे चाहते. झॅपा मंचावर येतो, लोकांना सांगतो की आता नवे बदल येतील तेव्हा तुमचा देश सगळ्यांहून वेगळाच ठेवा, आणि गिटार गळ्यात घालतो. तीन वर्षांत त्यानं ती लोकांसमोर वाजवलेली नाही. पाठीमागे कोत्साबचा बँड रेगेचा साधा ठेका धरतो. तालीम नाही, हाताच्या खुणा कुणाला पाठ नाहीत, कोलायुटा नाही.

पहिले सूर चाचपडत येतात. बोटं मऊ पडली आहेत हे ऐकू येतं. एखादं वाक्य सुरू होतं आणि अर्ध्यात सुटतं, तो ते सोडून दुसरं धरतो, तेही सुटतं. हेडफोन कानाला असतात, बाहेर मुलगी तबल्यावर कसला तरी कायदा घोळवत असते, आणि दर वेळी त्या पहिल्या मिनिटाला माझ्या तोंडून हलक्या आवाजात निघून जातं, थांब, अजून बंद आहे.